निवटीवर वार्निशचा एक हात

नंदाखाल, विरार पश्चिम
रविवार, मिस्साहून आल्यावर

आदरणीय रुडॉल्फदादा,

तुम्हाला, वहिनींना आणि मुलांना आमच्या घराचा नमस्कार. तुमच्याकडे मेलबर्नला निघालेली आमची शेजारीण बेटीबाय या पत्रासोबत जे गोल चित्र तुमच्या हातात ठेवेल, ते खरं कितीला पडलं ते आधी सांगतो. ॲक्रिलिक रंगाच्या अकरा बाटल्या, कान साफ करायच्या काड्यांचे चार डबे, स्वेटर विणायची एक सुई, तुमच्या बहिणीच्या चौऱ्याहत्तर दुपारी, माझ्या मानेची एक शीर आणि माझी चौतीस वर्षांची धंद्यातली अब्रू. शेवटच्या दोन गोष्टींची पावती मिळत नाही.

तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टर रोज चालायला सांगतो आणि तुम्ही रोज गाडीने बागेपर्यंत जाऊन बाकावर बसता, असं वहिनी फोनवर मार्गारेटला सांगत होत्या. (मी मुद्दाम ऐकलं नाही. फोन ओट्यावर होता, मी वाडीत केळीला पाणी देत होतो, आणि माझे कान तुम्हाला माहीतच आहेत.) आमच्याकडे सगळं ठीक. विहिरीला पाणी आहे, बिंबलीला नको इतकी फळं आहेत. आता तुम्ही म्हणाल, रोज व्हॉट्सॲपवर 'गुड मॉर्निंग' पाठवणारा गॉडफ्रे एकाएकी कागदावर का उतरला? तर दादा, माझा व्हॉट्सॲप मार्गारेट वाचते. कागद वाचत नाही. निदान अजून तरी.

शाळेतून रिटायर झाल्यापासून मार्गारेटला दुपार पुरत नव्हती. झोप येत नाही, सीरियल आवडत नाही, आणि मी घरी असलो तर माझ्या चुका दिसतात. म्हणून तिने बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये, क्लबहाउसात, शनिवारचा क्लास लावला. डॉट पेंटिंग. शिकवणारी रीमा म्हणून मुलगी आहे, वयाने आपल्या धाकट्याएवढी. ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांच्या कलेवरून हे ठिपक्यांचं काम निघालं, असं ती सांगते. म्हणजे तुमच्याकडची कला आम्ही बोळिंजला शिकून तुम्हालाच भेट पाठवतोय. उद्या तुम्ही मेलबर्नहून आमच्या वाडीत केळी पाठवलीत तर मी काही बोलणार नाही.

आता माझी बाजू ऐका. मी पंधराव्या वर्षी भिंती खरवडायला लागलो तेव्हापासून ठिपका हा माझा वैरी. बोळिंजच्या निम्म्या इमारतींना मी रंग दिला, पण कुठल्या लादीवर, कुठल्या खिडकीच्या काचेवर थेंब सापडला तर त्या पेंटरची अर्धी रोजी मी कापत असे. भिंत कशी पाहिजे? वरून हात फिरवला तर साबणाची वडी वाटली पाहिजे. आणि इथे माझी स्वतःची बायको पैसे भरून ठिपके टाकायला शिकते! क्लासच्या दारात स्कूटरवर बसून मी तिची वाट बघायचो (हेल्मेट डोक्यावर, कान जागेवर), तेव्हा आतलं सगळं ऐकू यायचं. रीमाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की त्या लोकांच्या चित्रांतल्या गोष्टी त्यांच्या घराण्यांच्या असतात, त्या आपण उचलायच्या नाहीत. ठिपक्याची पद्धत शिकायची, पण प्राणी आपला आणि गोष्टही आपली. ज्याच्यासाठी चित्र काढायचं त्याचा स्वभाव सांगेल असा प्राणी निवडायचा. झालं. एका बाईने स्वतःसाठी वाघीण घेतली. हंसा नावाच्या एकीने सासूसाठी मगर घेतली आणि नवऱ्याच्या भीतीने तिचं कासव केलं. मार्गारेट म्हणाली, माझ्या भावाचा पासष्टावा वाढदिवस आहे, मी निवटी काढणार.

"आँटी, निवटी म्हणजे? पालीसारखं काही?"

"पाल तुमच्या टॉवरमध्ये असते बाय. ही मासळी, खाडीच्या चिखलात राहते. पाण्यात पण जगते, बाहेर पण जगते, आणि मोठे डोळे करून सगळीकडे बघत बसते. माझा भाऊ तसाच. अर्धा तिकडे, अर्धा इकडे."

दादा, मी काही हळवा माणूस नाही, पण हेल्मेटची काच मी खाली केली. तेवढ्यात रीमाने विचारलं, अंकलसाठी कुठला प्राणी काढाल? मी कान आणखी टवकारले. मार्गारेट जरासुद्धा न थांबता म्हणाली, "चिंबोरी. सरळ कधी चालत नाही, आणि एकदा धरलं की सोडत नाही." सगळ्या बाया हसल्या. मी हॉर्न वाजवला.

तर अशा चौऱ्याहत्तर दुपारी गेल्या. गोल लाकडी बोर्ड, त्यावर काळा रंग, मध्ये निवटी आणि तिच्याभोवती ठिपक्यांची वर्तुळं. प्रत्येक ठिपका मोहरीच्या दाण्यासारखा उभा. मला घरात कानात घालायला काडी मिळेना. चित्र पूर्ण झालं आणि नेमकं तिला चुलत बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी तीन दिवस जायचं होतं. रिक्षात बसता बसता ती म्हणाली, "गॉडफ्रे, चित्राला वार्निशचा एक हात मारून ठेव. दुसरं काही करू नकोस."

इथेच घोळ झाला. तुम्ही बँकेतले, तुम्हाला वाटेल वार्निशचा एक हात म्हणजे वार्निशचा एक हात. रंगकामात तसं नसतं. वार्निशचा एक हात म्हणजे आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग फडक्याने पुसायचं, मग हात मारायचा. न घासता वार्निश मारणारा पेंटर मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला नाही. मी बोर्ड ओट्यावर घेतला, डोळे मिटून वरून तळहात फिरवला, आणि हाताला काय लागलं? दाणे! पूर्ण बोर्डभर दाणे! माझ्या हाताला तेव्हा मार्गारेट आठवली नाही, निवटी आठवली नाही, तुम्ही तर नाहीच नाही. हाताने आपणहून दोनशे वीस नंबरचा पेपर घेतला. मोबाइलवर क्रिकेट चालू होतं. सहा ओव्हरी मी घासत होतो. मग पुसलं, तळहात फिरवला. साबणाची वडी. समाधानाने डोळे उघडले आणि खाली पाहिलं, तर बोर्डावर सगळे रंग एकात एक मिसळून भरतीनंतरच्या चिखलासारखा एक करडा डाग होता.

मी पंप हाउसपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. डाग तिथेच होता.

मग कंत्राटदाराचं डोकं चालवलं. काळा हात पुन्हा मारला, पंख्याखाली वाळवला. दोन हजारांवर ठिपके एकेक करून कोण टाकणार? स्वयंपाकघरातून बुंदीचा झारा आणला, रंग ओतला, वरून दाबला. एका दाबात साठ ठिपके! तिसऱ्या दाबाला बोर्डाला कांजिण्या आल्या. पुन्हा घासलं, पुन्हा काळा हात. (झारा मी कितीही धुतला तरी थोडा निळा आहे. यंदा नाताळात तुम्ही आलात तर बुंदी खाऊ नका.) शेवटी बोर्ड उलटा करून भिंतीला टेकवायला गेलो, तेव्हा मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं दिसलं. मार्गारेटचं शाळेतलं अक्षर, ओळीत, एकही खाडाखोड नाही.

"मध्ये निवटी. बाहेर सव्वीस वर्तुळं, रुडी गेल्यापासून वर्षाला एक. पहिलं पांढरं, विमानतळ, मी रडले नाही. सातवं लाल, आई गेली, त्याला येता आलं नाही. तेरावं पिवळं, आला होता, अकरा दिवस."

असं सव्वीस वर्तुळांचं सगळं. दादा, मी काय घासलं होतं ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ती तुम्हाला फोनवर भाजी काय केली एवढंच विचारते, नाही का?

त्यानंतर झारा नाही, युक्ती नाही. दोन दिवस मी काडी घेऊन बसलो. ठिपका टाकणं सोपं नाही. काडी टेकवायची आणि लगेच उचलायची. माझा हात चौतीस वर्षं रंग पसरवायला शिकलेला, तो टेकला की सरकतो. सातव्या वर्तुळाला तर मी दोनदा पुसून दोनदा केलं, कारण तुमच्या आईचं होतं. निवटीचं मात्र सोपं गेलं. मागे तिचा आकार काढलेला नव्हता, नुसतं "मध्ये निवटी" एवढंच लिहिलं होतं, पण मला आकाराची काय गरज? मी खाडीत वाढलेला. निवट्यांच्या बिळात कोपरापर्यंत हात घालून मी त्या पकडल्या आहेत, विकल्या आहेत, तळून खाल्ल्या आहेत. वसई तालुक्यात निवटी माझ्याइतकी कोणी जवळून पाहिली नसेल. डोळे बांधून काढीन म्हटलं आणि काढली. खात्री म्हणून रीमाला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "वॉव अंकल, आता बघताक्षणी कळतं कुठला प्राणी आहे!" मग वार्निशचा एक हात मारला. न घासता. आयुष्यात पहिल्यांदा.

मार्गारेट लग्नाहून आली, चप्पलसुद्धा न काढता चित्रासमोर उभी राहिली. किती वेळ ते सांगत नाही, पण माझा चहा थंड झाला. मग म्हणाली, "वार्निश छान बसलंय." बस. एवढंच. दादा, तिच्या डोळ्यांना फसवायचं म्हणजे खेळ नव्हे, पण कारागिराचा हात तो कारागिराचा हात.

तुमच्या वाढदिवसाला देव तुम्हाला गुडघा आणि शांती दोन्ही देवो.

तुमचा मेव्हणा,
गॉडफ्रे

ता. क. : खरं काम हे आहे. वाढदिवसाला व्हिडिओ कॉल होईल तेव्हा चित्र कॅमेऱ्यापासून लांब, शक्यतो दरवाजाच्या वर लावा. मार्गारेट विचारेल, तेव्हा "तेरावं पिवळं वर्तुळ बघून गलबलून आलं" असं म्हणा. (खोटं बोलायची वेळ येणार नाही, ते आहेच तसं.) आणि जवळून काढलेला फोटो फॅमिली ग्रुपवर कोणालाही टाकू देऊ नका. हे पत्र वाचून झालं की फाडा.

दुसरा ता. क. : बेटीबाय आत्ता बॅगेचं वजन करायला आली होती. चित्र बघून म्हणाली, "गॉडफ्रे, हे मार्गारेटने काढलं? खरं सांग!" मी म्हटलं, बाय, तुला चित्रातलं काय कळतं. ती इतकी हसली की बॅग काट्यावर नीट ठेवता येईना. तिच्या तोंडावर भरवसा ठेवू नका.

तिसरा ता. क. : पाकीट मागायला आत गेलो, तर मार्गारेटने तयारच ठेवलं होतं, वर तुमचा पत्ता तिच्या अक्षरात. कागदही आता तिचा वाचून झालाय. म्हणाली, दारात पाऊल टाकलं तेव्हाच कळलं होतं, पण वर्तुळं मोजली, सव्वीस भरली, आणि सातवं तिच्यापेक्षा नीट आलं होतं, म्हणून बोलली नाही. चित्र आहे तसंच जाऊ दे म्हणते. तिच्याकडून तुम्हाला एकच निरोप आहे : "रुडीला सांग, तिकडे गेल्यावर फुटले असतील."

मी पुन्हा जाऊन बघून आलो. निवटीला पाय नसतात. मी चार काढलेत.