बेल मुलाच्या खिशात वाजते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावरून निवृत्त झालेली ऑपरेटर, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मीच मागून घेतला, कारण मी गेल्यावर पहिला प्रश्न माझ्या डोक्याविषयीच निघणार, आणि तो कोण काढणार हे मला माहीत आहे. मी रागावलेली आहे. राग म्हणजे वेड नव्हे, एवढे दाखल्यात लिहायचे राहिले, ते मी इथे लिहिते.

यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सारे काही माझ्या एकुलत्या एका मुलाला दिले होते. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम पहिले. राहता फ्लॅट ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तिच्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही. तो फ्लॅट मी माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलीला देते. भाची लाँड्रीत कपड्यांवरचे डाग काढायचे काम करते. तिने माझ्याकडे कधी काही मागितलेले नाही. हे वाचून ती "मावशी, हे काय करून ठेवलंस?" म्हणेल. म्हणू दे.

मुलाला का नाही, याचे कारण द्यायची कायद्याने गरज नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. गरज मला आहे.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. आमचे हे गेले त्या वर्षी त्याने येऊन घराच्या दाराला नवे कुलूप बसवले. त्या कुलपाला किल्लीच नाही. दाराबाहेर एक कॅमेरा, त्याच्याखाली बोलायचा डबा, आणि हॉलमध्ये दुसरा कॅमेरा. सगळे चित्रण क्लाउडवर जाते. क्लाउड म्हणजे नेमके कुठे, असे विचारले तर म्हणाला, "असतं कुठेतरी. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" जुनी बेल त्याच दिवशी भंगारात गेली. नव्या बेलचे बटण दाबले की ती माझ्या घरात वाजत नाही, मुलाच्या मोबाइलवर वाजते. तो तिकडून माणूस बघतो, पटला तर तिथूनच दार उघडतो, नाही तर वाटेला लावतो. ॲपमध्ये मालक म्हणून त्याचे नाव आहे. मी रहिवासी आहे.

बेल आत वाजत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. औषधांच्या दुकानातला माणूस आला की दार आपोआप उघडायचे आणि मला वाटायचे, काय सोय झाली! बाकी कोणी फिरकत नसे. वय झाले की लोक विसरतात, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

त्याच सुमारास धाकट्या बहिणीशी माझा खटका उडाला होता. "सगळं मुलाच्या हातात देऊन बसलीस, आता बस टाळ्या वाजवत," असे ती म्हणाली आणि मी फोन आपटला. मग ती फोन करेना, मीही करेना. हट्टाला आम्ही दोघी सारख्या. मला वाटायचे, आज ना उद्या तीच नाक मुठीत धरून येईल.

ती उन्हाळ्यात गेली. मला कळले ते गेल्यावर. तिच्या घरी गेले, तेव्हा भाचीने मला स्वयंपाकघरात नेले आणि दार लोटून घेतले.

"मावशी, आईला एकदा तरी भेटावंसं वाटलं नाही का गं तुला?"

"मला? ती कुठे आली भेटायला?"

"आली की. दोनदा आली. मीच आणलं होतं तिला. लिफ्ट बंद, म्हणून जिन्यात बसत बसत चढली. तू झोपलीयस म्हणाला."

"कोण म्हणालं?"

"दादा. त्या डब्यातून."

पहिल्यांदा ती आपले दुखणे सांगायला आली होती. दुसऱ्यांदा निरोप घ्यायला. दोन्ही वेळा दुपार होती, आणि मी आत जागी होते. दुपारी मी कधीही झोपत नाही, हे माझ्या बहिणीला लहानपणापासून माहीत होते. म्हणजे मीच तिला दारातून परत पाठवते आहे, असे समजून ती गेली. आता हे मी तिला कुठे जाऊन सांगू?

घरी येऊन मी मुलाला फोन केला.

"मावशी आली की तुझं बीपी वाढतं, आई. तुझ्याच भल्यासाठी केलं."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू तिला आत घे म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणूनच नाही विचारलं."

मी म्हटले, बरे, मला निदान ती दारात उभी असलेली बघू दे. क्लाउडवर असेल ना? तो म्हणाला, "महिना झाला की पुसलं जातं गं. आपण साधा प्लॅन घेतलाय." मी हॉलमध्ये चष्मा शोधत फिरते, टीव्हीसमोर पेंगते, ते सगळे अजून तिथे आहे. बहीण तेवढी पुसली गेली.

नोकरीत मीही खोटे बोलले आहे. साहेब समोर बसलेले असायचे आणि मी फोनवर "साहेब बाहेर गेलेत" म्हणून सांगायची. पण ते साहेबांनी सांगितलेले असायचे. कोणाला न विचारता त्याच्या नावाने नाही म्हणायची माझी कधी छाती झाली नाही.

कलम दुसरे. ताबा मिळताच भाचीने कुलूप, डबा आणि दोन्ही कॅमेरे काढून, नीट खोक्यात भरून माझ्या मुलाला पाठवावेत. ते त्याचे आहेत. दाराला साधी कडी आणि साधी बेल बसवावी. बेल कर्कश असली तरी चालेल.

कलम तिसरे. बँकेतील मुदत ठेव मुलाला. तिच्यात त्याच्या वडिलांच्याही घामाचा पैसा आहे, आणि आईने उघड्यावर टाकले असे त्याला गावभर सांगता येऊ नये.

कलम चौथे. माझा जुना चष्मा सोसायटीच्या सेक्रेटरींना द्यावा. त्यांनी वॉचमनला काढून गेटवर चेहरा ओळखणारे यंत्र आणले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून ते यंत्र मला ओळखत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, चष्मा काढून कॅमेऱ्यात बघा." मी म्हटले, "चष्मा काढला तर कॅमेरा कुठे आहे ते दिसत नाही." हसले. भर उन्हात मी गेटबाहेर उभी होते आणि हे हसले.

वॉचमनला माझी हाताची खुर्ची द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे, म्हणून ती त्यांना आजच देऊन टाकली आहे.

कलम पाचवे, भाचीसाठी. मुलगा आला तर त्याला ताबडतोब आत घ्यावे. कोण, कशाला, असे विचारू नये. बसायला सांगावे, पाणी द्यावे. जिना चढून आलेले माणूस दारात उभे ठेवायचे नसते, एवढे त्याला माझ्या घरात कळले तर बरे, नाही कळले तरी पाणी द्यावे.

कलम सहावे. हे आत्ता, सही करण्यापूर्वी, सर्वांसमोर लिहीत आहे. मुलाचा फोन आला. "आई, कुठे आहेस? दोन तास झाले, हॉलमध्ये दिसत नाहीस. बेडरूममध्ये पडलीस की काय, काही सुचेना मला. आत्ता गाडी काढत होतो." त्याचा आवाज थरथरत होता. मी त्याला जन्म दिला आहे. ते नाटक नव्हते. मी म्हटले, "बरी आहे, बाहेर आले आहे." कोणाबरोबर, ते सांगितले नाही. त्याचा माझ्यावर जीव आहे, याची नोंद व्हावी. वकीलबाईंनी विचारले, काही बदलायचे आहे का. मी वरची सगळी कलमे पुन्हा वाचली. काही बदलायचे नाही.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी स्वतः वाचून, समजून, राजीखुशीने सही केली असे.

सही : (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार :
१. आमच्या इमारतीचे पूर्वीचे वॉचमन, हल्ली समोरच्या फर्निचरच्या दुकानात नोकरीस
२. सदर दुकानाचे मालक

स्थळ : फर्निचरचे दुकान, विक्रीस ठेवलेले जेवणाचे टेबल. माझ्या घरी साक्षीदारांना दार उघडले गेले नाही.

दिनांक : सात नोव्हेंबर, दुपारी. जागी असताना.