राजेगावची गुप्त विनंती

बालाघाट, ११ मार्च २००४

चि. अपूर्व आणि सौ. ईरा यांना नंदूकाकाचे आशीर्वाद, आणि प्रभूच्या नावाने सलाम.

पुण्यात तुम्ही दोघं खुशाल असाल. ईराचा खोकला गेला का? माझा गुडघा होता तसाच आहे. तुझ्या कमलाकाकूची तब्येत उत्तम. गेल्या अकरा दिवसांत तिने डोकेदुखीची एकदाही तक्रार केलेली नाही (कशाचीच केलेली नाही). घर शांत आहे. आपल्या भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे, हे मला लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी कळलं. हे सगळं ई-मेलने कळवणार होतो. पण तेजरामच्या सायबर कॅफेत मागे नंबर लावून बसलेली माणसं आपला मजकूर आपल्याआधी वाचून काढतात, आणि एकदा तर एकाने मला शेवटची ओळ सुचवली. म्हणून टपालाने लिहितो.

तू बनवून दिलेल्या वेबसाइटचा अहवाल आपल्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी म्हणून तुला देणं लागतो. वरच्या कार्यालयाचं म्हणणं तुला माहीत आहे. रविवारी आठच्या मराठी उपासनेला अकरा माणसं येतात. ईस्टरपर्यंत काही नवं काम दाखवा, नाहीतर दहाच्या हिंदी उपासनेत सामील व्हा. हिंदीशी आपलं वैर नाही (आपली निम्मी मंडळी भांडते हिंदीत). पण तिकडे की-बोर्ड आहे आणि तो वाजवायला तिघं टपलेले आहेत. इकडे तुझी काकू सत्तावीस वर्षं पेटी वाजवून गाते. तिकडे ती मागच्या बाकावर बसेल. म्हणून पाळक मोतीलाल यांनी इंटरनेटवरच्या प्रार्थनासेवेची योजना पाठवली. वर्षाला पाचशे विनंत्या, असं त्यांनी लिहिलं होतं. कार्यालयाने उलट कळवलं, पाचशे राहू द्या, ईस्टरपर्यंत दोन दाखवा.

त्यासाठी चार सभा झाल्या. एक पूर्ण सभा, वेबसाइट रात्री बंद ठेवावी की कसं, यावर गेली (चाव्या कोणाकडे राहतील हा मुद्दा निघाला आणि मी तो टिपून घेतला). दुसऱ्या सभेत विमलाबाईंनी विचारलं, विनंती करणाऱ्याचा पत्ता नसेल तर आपण जायचं कुठे? प्रश्न रास्त होता. आपली रीत तू लहानपणापासून पाहिली आहेस. दाराशी बिस्किटांचा डबा, त्यात चिठ्ठी टाकायची. मग सगळ्या मंडळीने त्या घरी जायचं, चिठ्ठी मोठ्याने वाचायची, प्रार्थना करायची, चहा घ्यायचा. चिठ्ठी डब्यातून आली काय आणि तारेतून आली काय, माणूस घरीच असणार. म्हणून पत्त्याचा रकाना मी तुला आग्रहाने घालायला लावला. तू नको म्हणत होतास. ते पुढे येईलच.

उद्घाटन तेजरामच्या कॅफेत झालं. मोतीलालजींनी मॉनिटरला बांधलेली लाल फीत कापली आणि त्याच क्षणी लाइट गेली. काही वेळ सगळ्यांना वाटलं की चुकून वायर कापली. लाइट दोन तासांनी आली. तोवर काकूने पेटी काढली, आणि अंधारात आम्ही इतकी गाणी म्हटली की शेजारचा पानवालाही चाल धरू लागला. तेजराम इतका खूश झाला की त्याने सहाही कंप्यूटरवर आपली साइट पहिलं पान म्हणून लावून दिली.

त्यानंतर तेवीस दिवस काही नाही. चोविसाव्या दिवशी पहिली विनंती आली. मी ती लगेच छापून घेतली. राजेगावचे कोणी चैतराम. भाच्याचा निकाल बघायला कॅफेत आले होते, पान उघडलं ते आपलं. त्यांनी लिहिलं होतं की बायको अकरा दिवस बोलत नाही, चूक माझी आहे, पण सांगायची हिंमत होत नाही, प्रार्थना करावी. खाली पूर्ण पत्ता, वडाच्या झाडापासून तिसरं घर.

रविवारी उपासना होताच अकरा जण, एक पेटी आणि मोतीलालजींचा पांढरा झगा, असे एका जीपमधून निघालो. दार शेवंताबाईंनी उघडलं, म्हणजे त्या न बोलणाऱ्या बाईंनी. मागून चैतराम आले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

“तुम्ही इथं काहून आले?” त्यांनी विचारलं. “म्या ते इंटरनेटवर लिहिलतं! गावात नाही!”

मोतीलालजींनी त्यांना हाताने धीर दिला, चष्मा लावला आणि रीतीप्रमाणे विनंती मोठ्याने वाचली. एव्हाना अंगणात निम्मा मोहल्ला जमला होता. तू फॉर्मच्या तळाशी घातलेली ओळही कागदावर छापली गेली होती, तीही त्यांनी त्याच आवाजात वाचली: आपली विनंती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल.

मग शेवंताबाई बोलल्या.

“हौ! बालाघाटले जाऊन मशीनले सांगता, अन् मले सांगाले तोंड नाही तुमाले?”

तिथून पाऊण तास त्या थांबल्या नाहीत. अकरा दिवसांचं एकदम आलं. त्यांच्या माहेरच्या लग्नात चैतराम जेवणाआधी उठून निघून आले होते, असं मूळ कारण निघालं; मग त्याआधीची लग्नंही निघाली. चैतराम मान खाली घालून ऐकत होते, आणि अपूर्व, तो माणूस हसत होता. शेवटी म्हणाले, “चुकलं माहं.” बाई म्हणाल्या, “मंग बसा, च्या ठेवते,” आणि आत गेल्या. प्रार्थना करायची राहूनच गेली होती. ती मोतीलालजींनी आभाराची केली. निघताना शेवंताबाईंनी आपल्या बायकांना हळदीकुंकू लावलं, झग्यातल्या मोतीलालजींच्या हाती नारळ दिला. त्यांनी तो जीपमध्ये मांडीवर बाळासारखा धरला होता.

कार्यालयाला मी कळवलं आहे: विनंत्या एक, पूर्ण झालेल्या एक. शंभर टक्के. त्यांचं अभिनंदनाचं पत्र आलं, खाली एक ओळ: दुसरी केव्हा?

थोरल्यांना सलाम सांग. ईराला सांभाळ, आणि ती काही बोलली तर ऐकून घे.

तुझा
नंदूकाका

ता. क. – पत्त्याचा रकाना काढून टाकतो असं तू लिहिलंस. काढू नकोस. मोठा कर.

ता. क. २ – राजेगावात चहा येईपर्यंत चैतरामांना दिलासा द्यावा म्हणून मी म्हणालो होतो, “अकरा दिवस? नशीबवान आहात, आमच्याकडे अकरा मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.” काकू माझ्या मागेच बसली होती. परवाच्या रविवारी तिने पेटी वाजवली, पण गायली नाही. मराठी उपासना टिकली तरी तिचा आवाज नसेल तर मी तिथे बसून काय करू? तेव्हा हे पत्र मिळताच तुझ्या ऑफिसातून एक विनंती भर. नाव देऊ नकोस. एवढंच लिही की एक माणूस परगावी मूर्खासारखं बोलला, त्याला आपल्या घरात पुन्हा आवाज हवा आहे. पत्ता आपल्या घराचा, पूर्ण. हे कार्यालयाला दाखवायचं म्हणून सांगत नाही (दाखवीन मात्र). रविवारी काकू मंडळीबरोबर पेटी घेऊन निघेल आणि आपल्याच दाराशी पोचेल. मोतीलालजी मोठ्याने वाचतील. मग ती जे बोलायचं ते बोलेल. नाहीच बोलली, तरी किती कप ठेवायचे, एवढं तिला मला विचारावंच लागेल.