ज्याचा आवाज जवळ, तो आधी

४ जानेवारी

हेल्मेट पहिल्या बायकोचं, बूट तिचे, फावडंसुद्धा तिचं, वर दांड्यावर तिचं नाव कोरलेलं. नवी बायको आणली आणि सामान तेच! लायलला तोंडावर सांगितलं, नवरा एक वेळ वापरलेला चालेल, बूट चालणार नाहीत. तो नुसता हसला. त्याचा धाकटा भाऊ ड्वेन म्हणाला, "वहिनी, बूट निदान सांगाल तिकडे जातील. याचं काही सांगता येत नाही." मग मीही हसले.

बाकी घर झकास. खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ, लोखंडी शेगडीत देवदाराची लाकडं, मागे डोंगर. मी सपाट मुलखातली, गव्हाच्या शेतांतली. सगळी उमर ट्रकवाल्यांच्या खानावळीत पॅनकेक उलटण्यात गेली. या वयात असा नवरा मिळाल्यावर तक्रार करू नये. पण मी करणार.

७ जानेवारी

आज लायलने स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी शिकवली, आणि त्याआधी बीकन. बीकन म्हणजे साबणाच्या डबीएवढं यंत्र. ते छातीवर, कोटाच्या आत बांधायचं. पिशवीत टाकायचं नाही, पिशवी वाहून जाते. ते सारखा आवाज सोडत असतं, आपल्या कानाला नाही, दुसऱ्या यंत्राला ऐकू येणारा. बर्फाची दरड आली, कोणी गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधण्यावर फिरवायचं. पडद्यावर मीटर दिसतात. आकडा उतरेल तिकडे जायचं, सळई खुपसायची, खणायचं. उतारावर एका वेळी एकच गाडी. बाकीच्यांनी दरड पोचणार नाही अशा जागी थांबायचं आणि जाणाऱ्यावरून नजर काढायची नाही. वाऱ्याने बर्फ लोटून फुगलेल्या उताराखाली डबा उघडून बसायचं नाही. खालचा थर साखरेसारखा सुटा असला की गाडीखाली पोकळ 'धप्प' वाजतं. वाजलं की आल्या वाटेने मागे.

मी विचारलं, दोघं गाडले गेले तर? लायल म्हणाला, ज्याचा आवाज जवळ, तो आधी. ड्वेन उठून बाहेर गेला.

नंतर ड्वेननेच सांगितलं. काही वर्षांमागे तो आणि इनग्रिड, लायलची पहिली बायको, एकाच दरडीखाली गेले. ड्वेन जवळ होता. लायलने नियमाने त्याला आधी काढलं. इनग्रिडपर्यंत पोचला तोवर ती गार झाली होती.

११ जानेवारी

गावात जाईन तिथे इनग्रिड. किराणावाली सांगते, इनग्रिड अशी चढायची की पुरुष तोंडात बोटं घालायचे. चर्चमध्ये इनग्रिडचे मफिन. मेलेल्या बाईचे मफिन कधी करपत नाहीत! माझे करपले, तर तिघीजणी एकमेकींकडे बघून हसल्या.

१६ जानेवारी

इथे निघताना एक रीत आहे. म्होरक्या वाटेवर आपलं यंत्र शोधण्यावर लावून उभा राहतो, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून गाडी नेतात. ज्याचं यंत्र वाजतं, त्याला तो हात करतो. आज म्होरक्या लायल. जाणारे दोघं, ड्वेन आणि मी. पडद्यावर तीन आले. तिसरं चाळीस मीटरवर, रिकाम्या बर्फात.

लायल म्हणाला फोन बंद करा, फोन जवळ असला की यंत्राला भ्रम होतो. बंद केले. तिसरं तसंच. ड्वेन पांढराफटक. मी लायलचं तोंड पाहिलं. तो घाबरला नव्हता. लग्नाच्या दिवशीही त्याचं तोंड इतकं उजळलं नव्हतं.

२० जानेवारी

मला वाटलं, हा तिचं यंत्र चालू करून लपवून नेतो. त्याचा कोट उलटा केला, गाडीची पेटी उचकटली. गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेलं सापडलं. पट्ट्यावर तिचं नाव. आत बॅटऱ्याच नाहीत, त्यांची खाच गंजून हिरवी. हातोडा घेतला आणि चुरा केला. लायल ओरडला असता तर बरं होतं. त्याने गुडघ्यावर बसून तुकडे वेचले, एकेक. माझा हात त्याने असा कधी धरला नाही.

२८ जानेवारी

पुन्हा तीन. बारा मीटर.

ड्वेनने तिथूनच गाडी वळवली. म्हणाला, "मी तिची जागा घेऊन जगतोय वहिनी. तुम्ही तिच्या वाटेत येऊ नका. घरी चला."

मी गेले नाही. लायलला आणि तिला दोघांनाच वर सोडू?

२ फेब्रुवारी

उतार ओलांडायची पाळी माझी. लायल कडेला. त्याने माझ्याकडे बघायचं, त्याचाच नियम. तो पडद्याकडे बघत होता. गाडीखाली धप्प वाजलं. कशीबशी मागे आले. तो म्हणतो, दोन मीटर. मी म्हटलं, मी तर लांब होते. म्हणाला, तू नाही.

आता तो यंत्र दिवसभर शोधण्यावरच ठेवतो. मग ते आवाज सोडत नाही! मी ओरडले, तू गाडला गेलास तर तुला शोधू कशी? म्हणाला, मला कशाला शोधायचं.

६ फेब्रुवारी

स्वयंपाकघरात करून पाहिलं. बॅटऱ्या नव्या. माझं यंत्र चालू, त्याचं शोधण्यावर. पडद्यावर एकच आलं. अर्धा मीटर. मी माझं बंद केलं —

आकडा हललाच नाही.

म्हणजे मी दिसतच नाही. आणि ती आमच्या दोघांच्या मध्ये —

८ फेब्रुवारी

इनग्रिडचे बूट शेगडीपाशी, ओले. मी आज बाहेर गेले नाही. लायलही नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शनिवारी वारा पडेल म्हणतात. लायलला वरच्या खोऱ्यात जायचंय. ती गाडली गेली तिथेच. ड्वेन येणार नाही. मी येणार — घरी बसले तर नवरा तिला देऊन टाकल्यासारखं होईल. फुकट नाही देणार.

लायल, हे पान मी टेबलावर उघडं ठेवतेय. तोंडाने बोलत नाहीस तर खाली लिही. दोघी बर्फाखाली असलो, तिचा आवाज जवळ, माझा नाहीच — तरी मला खणशील? हो की नाही. नियम सांगू नकोस. शुक्रवारी जेवायला बसायच्या आत उत्तर पाहिजे. आणि तिला सांग, मी लिहिताना माझ्या मानेवर गार श्वास सोडत उभं राहू न—