जिवंतपणी आलेला शोकसंदेश

ईश्वराला स्मरून, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता मी, चष्मेवाल्यांची पत्नी, मॅट्रिक पास, माझ्यामागची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.

घर ह्यांच्या नावावर आहे. त्यात मला बोलायचे नाही. माझ्या बांगड्या सुनेला. शिवणयंत्र धाकट्या जावेला. मात्र तिने नेलेली माझी कात्री आधी परत करावी. घरखर्चातून वाचवलेले पैसे देवळाला, तेही फक्त गळक्या छपरासाठी.

आता फोटो. आकाशातल्या विजेवर आपल्याकडे पहिल्यांदा संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंचे सही केलेले फोटो ह्यांनी जन्मभर जमवले. बाई नुसती सही करून पाठवत. ह्यांना वर दोन ओळी हव्या होत्या. म्हणून ह्यांनी त्यांना कळवले, की माझी पत्नी वीज चमकली की खिडकीत उभी राहून बघायची, तुमचे नाव घ्यायची. गेल्या महिन्यात वारली.

उत्तर आले तेव्हा मी भांडी घासत होते. फोटोवर बाईंच्या अक्षरात होते : "विजेला न घाबरणाऱ्या तुमच्या पत्नीच्या स्मृतीस. तिला भेटायला मला आवडले असते."

"अहो, मला मारलंत?"

"कागदावर गं! आणि बघ तरी, किती धीट केलंय तुला."

तीच तर लाज. वीज कडाडली की मी पलंगाखाली शिरते, हे घरादाराला ठाऊक. एवढ्या मोठ्या बाई जिच्यासाठी हळहळल्या ती मी नव्हेच. माफी मागायला कागद घेतला, पण मेलेल्या बाईने कोणत्या तोंडाने लिहायचे? देवापुढेही मान वर होत नाही.

मुलगा म्हणतो, "आई, त्याच फोटोला गिऱ्हाईक आहे. पुढेमागे विकू."

विकू नये. बाकीचे फोटो ह्यांचे. हा माझ्या मरणावर आला, म्हणून माझा. वकील हसले, पण "चालेल" म्हणाले. माझ्यामागे तो बाईंना परत पाठवावा. त्या नसल्यास त्यांच्या प्रयोगशाळेला. पाकीट सुनेने पोस्टात टाकावे, ह्यांच्या हाती देऊ नये. सोबत एवढेच लिहावे :

"बाई, आता मी खरोखरच गेले आहे. खिडकीत मात्र कधी उभी राहिले नाही. दुसरीसाठी लिहिलेले शब्द घरात ठेवून घेतले, क्षमा असावी."

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : ९ मे

सही : चष्मेवाल्यांची पत्नी

साक्षीदार :
१. शेजारच्या शिंपीणबाई (वाचून, डोळे पुसून सही केली)
२. घरचे डॉक्टर (शुद्धीत असल्याची खात्री करून)