राजकीय सर्दी

३ जून. नुमाझू. सकाळ.
कॅबिनेट पडलं. रेडिओवर ऐकलं. खरं तर आधी मला कळायचं, पण टेलिफोन बिघडला असेल. असो. आता राजवाड्यातून दूत येणार. नवा पंतप्रधान कोण, हे सम्राट मलाच, सगळ्यांत जुन्या मुत्सद्द्याला, विचारतात. सत्त्याऐंशीव्या वर्षीही!
लष्कराला जनरल मुरोझुमी हवाय. तो आला की चीनमध्ये लढाई पेटलीच. मी जिवंत असेपर्यंत नाही. घर सांभाळणाऱ्या ओतात्सुबाईंना तसा शब्दच दिला. त्यांचा मुलगा केन्किची पलटणीत आहे. म्हणाल्या, सरकार, तुमच्या तोंडात साखर पडो.

४ जून.
युक्ती सुचली. आजारी पडायचं! आमच्याकडे नको ते काम आलं की बड्यांना सर्दी होतेच. मी नाव सुचवल्याशिवाय कॅबिनेट बनत नाही. मी अंथरुणात, मुरोझुमी ताटकळत. आठवड्यात गार पडेल. राजवाड्याला कळवलं, सर्दी. शेवटी पॅरिसमध्ये शिकलेलं डोकं आहे.

५ जून.
कोणी आलं नाही. घाबरलेत. ईल मासा मागितला, तर ओतात्सुबाईंनी पेज आणि खारवलेला आलुबुखार पुढे ठेवला. म्हणाल्या, आजारी ना तुम्ही? मग नाटक नीट करा.

६ जून.
राजवाड्यातून डॉक्टर. घसा बघून म्हणाला, ठणठणीत आहात. मी खोकलो. समजलं, म्हणाला, आणि औषध दिलं. कडूजहर! देशासाठी प्यालो. दूत कधी येतोय विचारलं, तर हा बूट शोधायला लागला.

८ जून.
मोटार आली! काउंट नागायोशी. याला राजवाड्यात मीच चिकटवला. आता नाव सांगायचं म्हणून घसा साफ केला. त्याने सम्राटांकडून आलेल्या वाइनच्या दोन बाटल्या ठेवल्या. म्हणाला, आपल्याला त्रास नको, म्हणून माजी पंतप्रधानांना विचारून काम उरकलं. मुरोझुमी. परवाच ठरलं, रेडिओवर आज सांगतील. वर म्हणाला, बरं झालं सरकार, आपणच आजारी पडलात, यापुढे आपल्याला विचारायचं नाही हे सांगायचं कसं, याच पेचात होतो आम्ही.
पेज खाल्ली. ओतात्सुबाईंना काही सांगितलं नाही.

२० जुलै.
लढाई सुरू झाली. ओतात्सुबाई ठेवणीतला किमोनो नेसून समोर बसल्या. माझ्या शब्दाबद्दल अवाक्षर नाही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला मान वर करवेना. केन्किचीची गाडी दुपारी सुटतेय, स्टेशनवर जाऊन येऊ का, विचारलं.
म्हणजे मला विचारणारं माणूस अजून एक आहे.
जा म्हटलं.