कधी लागलात कामाला?

४ एप्रिल

कवळीचे दोन तुकडे! वरच्या मजल्यावरच्या काकू घासत होत्या, हातातून सटकली ती थेट बेसिनमध्ये. तोंडावर रुमाल धरून आमच्या दारात उभ्या. "फाळा फंपली ना तुझी?" मला आधी कळेचना. मग कळलं – शाळा संपली ना तुझी! हसू दाबताना माझ्या पोटात दुखायला लागलं. परीक्षा संपली, म्हणजे मी मोकळी, म्हणजे कवळी घेऊन मी जायचं.

मागच्या गल्लीतला दातवाला. शंभरदा त्या दारावरून गेले असेन, मला वाटायचं डॉक्टर असेल. नाही! "मी दात काढत नाही, बनवतो," म्हणाला. आत लांबलचक टेबल, त्यावर रांगेने प्लास्टरचे जबडे – वरचे, खालचे, वाकडे, एकच दात उरलेले. प्रत्येकावर पेन्सिलने नंबर. नावं नाहीत. कुणाचं तोंड कुठलं ते फक्त त्याला माहीत.

मी दीड तास उभीच होते. शेवटी त्याने चष्म्यावरून बघितलं. "घरी कुणी वाट बघत नाही का?"

मी विचारलं, "तुम्ही कधी लागलात कामाला?"

"बाराव्या वर्षी. टेबलाला हनुवटी टेकायची माझी."

५ एप्रिल

पुन्हा गेले. काकूंची कवळी तयार. जोड कुठे होता ते शोधूनही सापडत नाही! सुट्टीत इथे काम करू का, असं एका दमात विचारून टाकलं.

"सोळा पूर्ण?"

"गेल्याच महिन्यात."

"वडिलांना विचार. आणि शाळा चुकवून यायचं नाही."

६ एप्रिल

बाबा म्हणाले, "नाही."

एवढंच. वाटीतली आमटी संपवली आणि हात धुवायला उठले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवताना कशाला काढलास विषय!" जणू जेवणानंतर होच म्हणणार होते.

बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक. तेराव्या वर्षी गॅरेजमध्ये लागले, तेव्हापासून हाताचा काळेपणा गेला नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य – "मी तेराव्या वर्षी लागलो ते तुम्ही लागू नये म्हणून." हे वाक्य आमच्या घरात भिंतीवर लावल्यासारखं आहे. आधी शिक्षण, मग काम.

दादा सव्वीस वर्षांचा. दोन पदव्या. तिसरं वर्ष स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाचं. सकाळी आठला बॅग घेऊन अभ्यासिकेत जातो, संध्याकाळी येतो. आज माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाही. ताटात बघत बसला.

८ एप्रिल

वहीच्या मागच्या पानावर यादी करते आहे. भेटेल त्याला विचारायचं, कधी लागलात कामाला?

न्हावीकाका – नऊ. पाटावर उभं राहून गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावायचे.
आमच्या वर्गशिक्षिका – बावीस.
दवाखान्यातला डॉक्टर – सत्तावीस.
आई – वीस, औषधाच्या दुकानात. अजून तिथेच.

मग दुसरा प्रश्न सुचला. लवकर झालं की उशिरा? न्हावीकाका वस्तरा थांबवून म्हणाले, "लवकर गं. मला भूगोल आवडायचा." बाई म्हणाल्या उशिरा, आधी कमवती असते तर हवं तिथे शिकले असते. डॉक्टरलाही उशीरच वाटतो. आई म्हणाली, "तेव्हा विचार करायला वेळ कुणाला होता!"

गंमत म्हणजे "अगदी वेळेवर" असं एकानेही सांगितलं नाही.

दादाला विचारलं, "तू कधी लागणार?" तो म्हणतो मला प्रश्नपत्रिका. "ए प्रश्नपत्रिके, वेळ संपली. उत्तरपत्रिका गोळा करा." आणि गेला.

११ एप्रिल

काय झालं ते लिहितानाही खरं वाटत नाही. बाबांची आज सुट्टी. न सांगता दातवाल्याकडे गेले! मी मागून धावत.

नमस्कार वगैरे काही नाही. कवळ्या घासायच्या यंत्रापाशी गेले, वाकून बघितलं. "ह्या चाकाला झाकण कुठाय?"

"तीस वर्षं असंच चालतंय."

"म्हणून विचारतो."

मग खिडकी उघडून बघितली. प्लास्टरच्या भुकटीला नाक लावलं. मास्क मागितला, तो डोळ्यांपुढे धरून उजेडात बघितला. दातवाला दातओठ खात होता – त्याच्याकडे तर भरपूर होते. मला वाटलं संपलं सगळं.

"चाकाला हिने हात लावायचा नाही. नऊ ते एक. शाळा सुरू झाली की बंद," बाबा म्हणाले.

"मुलगी देताय की बस दुरुस्तीला टाकताय?"

बाबा हसले! मी वर्षातून दोनदा बघते तसं. संध्याकाळी डेपोतून पत्र्याचा तुकडा कापून आणला आणि त्या चाकाला स्वतः झाकण बसवून दिलं.

१३ एप्रिल

पहिला दिवस. झाडलं. पुसलं. परत झाडलं. प्लास्टरची भुकटी केसात, भुवयांत, चहात.

इथे एक ताई काम करतात, दात बसवायचं नाजूक काम त्यांचं. मऊ मेणात एकेक दात रोवतात, मग लांबून एक डोळा मिटून बघतात. अडतिसाव्या वर्षी लागल्या, मुलं मोठी झाल्यावर. मी म्हटलं, "म्हणजे खूपच उशिरा." त्या म्हणाल्या, "आणि आधीची अडतीस वर्षं काय दात कोरत बसले होते?"

यादीत त्यांच्यापुढे काय लिहावं कळेना. आकडा लिहून खोडला.

१४ एप्रिल

पाय दुखतात. कुणाला सांगणार नाही.

१९ एप्रिल

चूक केली. मोठी.

मापात, म्हणजे तोंडाच्या घेतलेल्या ठशात, प्लास्टर ओतायचं काम चार दिवसांपासून माझ्याकडे. ओतताना हलवत राहायचं, नाहीतर बुडबुडा राहतो. पुरतं सुकल्याशिवाय काढायचं नाही. मी काढलं. हिरडीची कड मोडून मापातच राहिली, आणि ती सोडवताना मापही फाटलं.

ते माप एका आजोबांचं. पूर्वी रेडिओवर बातम्या द्यायचे. त्यांना पुन्हा दातांच्या दवाखान्यात जाऊन तोंडात तो गार लगदा धरून बसावं लागणार.

मला वाटलं दातवाला ओरडेल. त्याने फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग त्यांना."

कसंबसं सांगितलं. पलीकडून आवाज आला – दात नसतानाही भारदस्त! "बाळ, वय काय तुझं?"

"सोळा."

"मी अठराव्या वर्षी भलत्याच माणसाच्या निधनाची बातमी वाचली होती. तो माणूस दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. जातो मी उद्या दवाखान्यात."

फोन ठेवून मोरीत जाऊन रडले. दातवाला बाहेरून म्हणाला, "तोंड धू आणि नवीन प्लास्टर कालव."

२९ एप्रिल

रेडिओवाले आजोबा कवळी घेऊन आले. ही दुसरी खेप. दिसायला झकास, पण "स" म्हटलं की शीळ वाजते! दातवाल्याने त्यांना खुर्चीत बसवलं. "म्हणा – सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर." आजोबा आकडे म्हणत होते, आणि शिट्टी. दातवाला समोरच्या दातांमागे जरासं घासायचा, पुन्हा म्हणा. तरी शिट्टी.

मी जिभेने माझ्याच तोंडात शोधत होते. "स" म्हणताना जीभ टेकते कुठे? मागे नाही, कडेला! हवा मधून जाते. मी म्हटलं, "काका, कडेला जाड आहे का बघा ना."

त्याने चष्म्यावरून बघितलं. कडा घासल्या.

"सत्तावन्न. सदुसष्ट. सत्त्याहत्तर."

शिट्टी गेली! आजोबांचे डोळे चमकले. खुर्चीतच ताठ बसून त्यांनी हवामानाचा अंदाज वाचून दाखवला, सगळा मनाचा. आम्ही तिघं टाळ्या वाजवत होतो.

तर हे असं असतं. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

६ मे

दातवाला म्हणाला, "हात चांगलाय तुझा. पुढच्या शाळेत काय ठेवलंय? वर्षभर इथे बस, कारागीर करतो."

दिवसभर तेच डोक्यात. खरंच, काय ठेवलंय?

७ मे

बाबांना विचारलं. सकाळी ते सायकलच्या साखळीला तेल घालत होते तेव्हा. काम सोडायला लावतील म्हणून घाबरतच.

ते खूप वेळ साखळी फिरवत राहिले. मग म्हणाले, "आवडतं ना तुला?"

"खूप."

"हं. तीच भीती होती."

मला काही कळेना. मग त्यांनी जे सांगितलं ते असं – तेराव्या वर्षी त्यांना कुणीच कामाला लावलं नव्हतं. त्यांचे वडील तर शाळेत परत जा म्हणून मागे लागले होते. पण गॅरेजमध्ये पहिल्याच आठवड्यात बंद पडलेलं इंजिन त्यांच्या हाताने सुरू झालं. "तो आवाज ऐकला आणि शाळा विसरलो. पुढे साहेब व्हायची परीक्षा आली तेव्हा फॉर्म भरता येईना. माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं आज माझे साहेब आहेत."

"मग तुम्ही आम्हाला सांगता ते..."

"ते सांगायला बरं पडतं."

भिंतीवरचं वाक्य निघालं आणि मागे हे! मला राग यायला हवा होता. आला नाही. तेरा वर्षांचे बाबा दिसायला लागले, इंजिनाला कान लावून उभे.

"तुझं तू ठरव," म्हणाले. हेही पहिल्यांदाच.

१० मे

ठरवलं. दातवाल्याला सांगितलं, शाळा सोडणार नाही, पण दर शनिवारी येईन. तो म्हणाला, "आठवड्यातून एकदा येऊन डोंबलाची कारागीर होतेस." ताई म्हणाल्या, "मी अडतिसाव्या वर्षी झाले. हिला अजून बावीस वर्षं आहेत."

१६ मे

ताईंबरोबर दूरच्या दवाखान्यात कवळ्या पोचवायला गेले. परतताना त्यांना मुलासाठी चपला बघायच्या होत्या. मोठं दुकान, काचेचं. आत गेलो.

एक छोटी मुलगी स्टुलावर बसून रडत होती, बूट घालणार नाही म्हणून. तिच्यापुढे गुडघे टेकून बसलेला विक्रेता बुटाशी बोलत होता. "काय रे, चावलास का हिला? माफी माग!" मुलगी हसली. पाय पुढे केला. त्याने टाच हातात घेऊन अलगद माप घेतलं.

तो दादा होता.

मी बघितलं, त्याने बघितलं. हातातली लेस सुटली. ताईंना काही कळलं नाही. मी बाहेर पळाले.

१७ मे

गच्चीवर दादाने गाठलं. सात महिने झाले! तीन वेळा नापास झाल्याचं घरी सांगितलं होतं. चौथ्या वेळी परीक्षेला गेलाच नाही, केंद्रासमोरच्या दुकानात "माणूस पाहिजे" लिहिलं होतं तिथे शिरला.

"लाज वाटते?" मी विचारलं.

"कामाची नाही गं. बाबा डेपोत सगळ्यांना सांगतात, पोरगा साहेब होणार. आणि मी लोकांचे पाय धरतोय."

"पण तू छान करतोस. ती मुलगी हसली."

त्याने तोंड फिरवलं. "सांगू नकोस. मी सांगेन."

"कधी?"

"प्रश्नपत्रिके..." म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

मी सोळाव्या वर्षी कामासाठी घरात भांडले आणि हा सव्विसाव्या वर्षी काम लपवतोय! एकाच घरात एक फार लवकर, एक फार उशिरा. बरोबर वय मग कुठे असतं?

२४ मे

रोज सकाळी आठ. "अभ्यास नीट कर रे," बाबा म्हणतात. "हो," दादा म्हणतो. मी बशी उचलून मोरीत जाते.

३० मे

सुट्टी संपत आली. आज जेवताना बाबांनी दादाला विचारलं, "निकाल कधी?" दादाने तोंड उघडलं. मला वाटलं आता! "जूनअखेर," म्हणाला.

१ जून

बाबा आज नवे बूट घालून घरी आले. हातात खोका – त्या काचेच्या दुकानाचा. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. त्यांच्यामागून दहा पावलांवर दादा आला, बॅगेशिवाय. आईने विचारलं, "अहो, मध्येच बूट?" बाबा खुर्चीत बसले, पाय लांब केले, बघत राहिले. मग म्हणाले, "पोराने माप बरोबर घेतलं."