शटरखालची फट

दादा, तळोद्याच्या चित्रकला कॉलेजात रंगकामाचा नवा वर्ग बांधतायत आणि तिथला उजेड नि हवा माझ्याकडे आहे. उजेडाचं चटकन जमलं. उत्तरेला उंच खिडक्या दिल्या, म्हणजे चित्रावर ऊन फिरत नाही. अडलं ते हवेवर. जमिनीलगत जाळ्या आणि त्यामागे हवा ओढणारे पंखे दाखवले, तर बैठकीत एक साहेब म्हणाले, मॅडम, खालून धूळ येईल, ओली चित्रं खराब होतील, बुजवून टाका. मी त्यांना नको तितकं फाडफाड बोलले. थिनरची वाफ जड असते, खालीच साचते, तिला खालूनच काढावं लागतं. हे मी इंजिनिअरिंगला शिकले तेव्हा तुम्हाला फुफ्फुसांच्या आजाराने जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या तासाला मी वर्गातून उठून बाहेर गेले.

विसरवाडीचं आपलं दुकान. बाहेर हायवे, आत तुम्ही ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर काढताय. धूळ नको म्हणून शटर खाली, आणि खालच्या फटीत बाहेरून ओलं पोतं कोंबायचं काम माझं, तुमच्या शाळकरी लेकीचं. एकदा मी ते ढिलं लावलं आणि मोराच्या ओल्या निळ्यावर धूळ बसली. गिऱ्हाइकासमोर तुम्ही म्हणालात, "डोया नहीत का तुले?" मला असा राग आला की दुसऱ्या दिवशी पोतं लाकडाने ठोकून ठोकून बसवलं. दुपारी आतून तुमची हाक आली, "पोतं काढ वं माय, जीव घाबरी ऱ्हायना." शटर उचललं असतं तर मोर पुन्हा गेला असता, म्हणून तुम्ही ते उचलत नव्हतात. तिसऱ्या हाकेला मी पोतं ओढलं. तुम्ही बाहेर येऊन गटारीवर ओकलात, डोळे लाल. ऐकू नही उनं का, एवढंच विचारलंत. मी म्हटलं, ट्रकांचा आवाज होता. तुम्ही मान हलवलीत, परत आत गेलात, आणि पोतं मीच पुन्हा लावलं. पुढेही कितीतरी वर्षं लावत राहिले.

एका दुपारने फुफ्फुसं जात नाहीत, हे मला आता चांगलं कळतं. त्याने काही हलकं होत नाही. साहेबांनी काल जाळ्यांच्या नकाशांवर सही केली. हा कागद त्याच नकाशांच्या गुंडाळीत राहील, कुठे पाठवणार?

ट्रक नव्हता, दादा. मी दुकानाच्या पायरीवरच बसले होते. पहिलीच हाक ऐकली होती.